पश्चिमेच्या खिडक्यांचं काय करायचं? वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांत बरीचशी खिडक्यांचीच आहेत, आणि ते साहजिक आहे, गणपती आटोपले की माणूस भिंतीवरचे ओले डाग बघतो आणि ठरवतो की पुढच्या पावसाआधी काहीतरी करायचंच. सगळी पत्रं घेता आली नाहीत, पण एकसारखी होती ती एकात गुंफलीत.

प्रश्न (गुहागर): आमचं घर चिऱ्याचं, समुद्र चालत पाच मिनिटांवर. सासऱ्यांनी बांधलेलं, खिडक्या सगळ्या सागवानी, गज असलेल्या. पश्चिमेच्या तीन खिडक्यांतून पावसात पाणी येतं, झडपा फुगून लागतच नाहीत, खालची भिंत ओली राहते. मिस्टर म्हणतात सगळ्या काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग टाकू. जाऊबाई ठाण्याला असतात, त्या म्हणतात यूपीव्हीसीच (कडक प्लास्टिकच्या) घ्या. फॅब्रिकेटर म्हणतो अकराच्या अकरा एकदम केल्या तर रेट कमी लावतो. काय करावं?

उत्तर: ताई, अकरा बदलू नका. त्रास तीन खिडक्यांचा आहे तर पैसे तिथेच घाला, आणि तेही आधी पाणी नक्की कुठून येतंय ते शोधून. आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून, त्यामुळे पूर्वेच्या सागवानी खिडक्या अजून पन्नास वर्षं सहज जातील, आणि तसलं जुनं सागवान आज विकत घ्यायला गेलात तर किंमत ऐकूनच परत याल. रेट कमी मिळतोय म्हणून चांगलं लाकूड काढून देऊ नका, मला हे बघून खरंच वाईट वाटतं, काढलेल्या चौकटी जुन्या सामानवाल्याकडे जातात आणि तिथून कुठल्यातरी रिसॉर्टात चढ्या भावाने लागतात.

पाणी शोधायची रीत सांगतो. पाऊस थांबला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात, विहिरीला भरपूर पाणी आहे तेव्हाच (मे महिन्यात आपल्याकडे प्यायला टँकर लागतात, तेव्हा हे जमणार नाही), एक माणूस बाहेर पाइप घेऊन आणि एक माणूस आत. सुरुवात खालून करायची. आधी फक्त खिडकीखालच्या भिंतीवर दहा मिनिटं पाणी, मग खालच्या पट्टीवर, मग चौकट आणि भिंत जिथे भेटते त्या फटीवर, मग झडपांवर, सगळ्यात शेवटी छज्जावर. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि काही कळत नाही. आतला माणूस ज्या क्षणी ओल बघेल तिथे थांबायचं.

माझा अनुभव असा की निम्म्या घरांत खिडकीचा दोष नसतोच. चौकट आणि चिरा यांच्यामधला सिमेंटचा गिलावा सुटलेला असतो, कारण लाकूड दरवर्षी फुगतं आणि आकसतं, सिमेंट तसं करत नाही, मग केसाएवढी भेग पडते आणि चिरा तर पाणी शोषणाराच दगड. किंवा खिडकीखालच्या लादीला ढाळ आतल्या बाजूला असतो. किंवा छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तुटायला खाच नसते, मग पाणी छज्जाखालून सरकत थेट चौकटीवर येतं. यातलं काही असेल तर खिडकी कुठलीही बसवा, पाणी येणारच, आणि तुम्ही दोष यूपीव्हीसीला द्याल.

आता लाकूड तपासा. स्क्रूड्रायव्हर घ्या आणि चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत आणि झडपेच्या खालच्या पट्टीत टोचून बघा. टोक अडलं तर लाकूड शाबूत आहे. भसकन आत गेलं तर तेवढा भाग कुजलाय, आणि तोही बऱ्याचदा सुतार कापून त्याजागी नवा तुकडा सांधून देऊ शकतो, अख्खी चौकट जायला लागत नाही. चौकट चांगली असेल आणि झडपाच गेल्या असतील तर फक्त झडपा नव्या करा.

झडपा फुगतात त्याचं कारण मात्र लोकांना कोणी सांगत नाही. सुतार दर्शनी बाजूला रंग लावतो आणि झडपेची वरची नि खालची कड कोरीच सोडतो, कारण ती दिसत नाही. पाणी सगळ्यात जास्त तिथूनच पितं लाकूड. आणि पावसात अडकतेय म्हणून भर पावसात रंधा मारून घेतला की जानेवारीत बोटभर फट पडते. तेव्हा जुलैमध्ये जिथे घासते तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा, रंधा मारा तो फेब्रुवारीत, खुणेपुरताच, आणि मग सहाही बाजूंना बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) आणि रंग. चौकटीची जी बाजू भिंतीला टेकते तिला काजूबियांच्या टरफलांचं तेल लावायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे, वाळवीला ते चांगलं, पण कातडीला लागलं तर फोड येतात, हातमोजे घालूनच लावायला सांगा.

एवढं सगळं करून पश्चिमेच्या तीन खिडक्या खरंच गेलेल्या निघाल्या, तर नव्या घ्या, पण स्लायडिंग घेऊ नका. का ते नीट सांगतो. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी पडतंच, ते बाहेर जायला ट्रॅकला छोटी भोकं असतात. वारा शांत असेल तर जातं. पण वारा समोरून असेल तर तो त्याच भोकांतून पाण्याला मागे रेटतो. हिशोब केला तर ताशी ७२ किलोमीटरचा वारा साधारण अडीच सेंटिमीटर उंचीचं पाणी धरून ठेवतो, ताशी ११० ला ते साडेपाच सेंटिमीटरच्या पुढे जातं. तुमच्या ट्रॅकची आतली कड तेवढी उंच नसेल तर पाणी ओसंडून घरात, यात ना मालाचा दोष ना कारागिराचा, ती रचनाच तशी आहे. शिवाय दोन झडपांची स्लायडिंग अर्ध्याहून जास्त उघडत नाही आणि आपल्या दमट हवेत वाऱ्याला अर्धी वाट देणं म्हणजे उन्हाळाभर पंख्याखाली बसणं.

त्याऐवजी बिजागरीची, रबर दाबून बंद होणारी खिडकी घ्या. बंद केल्यावर झडप चौकटीवर चारी बाजूंनी दाबून बसली पाहिजे, म्हणजे एका हँडलने दोन-तीन ठिकाणी लॉक लागणारी, नाहीतर वरचा कोपरा वाऱ्याने उचलला जातो आणि रात्रभर शिट्टी वाजते. जमलं तर खिडकीचे दोन भाग करा, खाली मोठा भाग आणि वर एक आडवा, वरच्या बाजूला बिजागरी असलेला, खालून बाहेर ढकलायचा. हा भाग चालू पावसात उघडा ठेवता येतो, पाणी त्याच्यावरून बाहेर ओघळतं. आपल्या बऱ्याच जुन्या घरांत चार झडपांच्या खिडक्या होत्या, खालच्या दोन लावून वरच्या दोन उघड्या ठेवायच्या, त्या लोकांना पावसात घर कोंदट होऊ न देणं पक्कं माहीत होतं.

यूपीव्हीसी की ॲल्युमिनियम, तर तुमच्या ठिकाणी, समुद्राच्या इतक्या जवळ, मी यूपीव्हीसीकडे झुकेन, तो खाऱ्या वाऱ्याने गंजत नाही आणि त्याचे कोपरे वितळवून जोडलेले असतात, त्यातून पाणी शिरत नाही. पण तीन गोष्टी बघून. पहिली म्हणजे पांढराच घ्या. लाकडासारखा दिसणारा गडद रंग पश्चिमेच्या उन्हात फार तापतो आणि यूपीव्हीसी तापला की ॲल्युमिनियमच्या तिपटीने वाढतो, मग झडपा अडकतात. दुसरं, प्रोफाइलचा, म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्टीचा, कापलेला तुकडा हातात मागा, त्याची बाहेरची भिंत अडीच मिलिमीटरच्या आसपास हवी आणि आतल्या पोकळीत गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेलं) स्टील हवं, ते नसेल तर मोठी झडप दोन वर्षांत लोंबते. तिसरं हँडल, बिजागऱ्या आणि स्क्रू, त्याबद्दल खाली मालवणच्या पत्रात सविस्तर लिहितोय ते वाचा, कारण यूपीव्हीसी गंजला नाही तरी त्याचे स्क्रू गंजतात आणि खिडकी गेली ती गेलीच.

आणि बसवणी. चिऱ्याच्या भिंतीत साधं दोन इंची स्क्रू आणि प्लास्टिकची गिट्टी घालून काम उरकतात, हॅमर ड्रिलने चिरा आतून भुगा होतो आणि दोन पावसाळ्यांत चौकट हलायला लागते. ज्या ज्या ठिकाणी स्क्रू येणार तिथे आधी काँक्रीट भरून घ्या किंवा खिडकीच्या पोटाला चारी बाजूंनी काँक्रीटची पट्टी करा, किंवा ग्रॅनाइटची चौकट, आणि फास्टनर किमान चार इंची. माप वर, मध्ये, खाली असं तीन ठिकाणी घ्यायला लावा आणि सगळ्यात लहान माप धरा, जुनी घरं काटकोनात नसतात. भोवती थोडी फट ठेवून त्यात फोम आणि बाहेरून वेदर-ग्रेड सिलिकॉन. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते धातूजवळ वापरू देऊ नका, त्यातल्या आम्लाने धातू खराब होतो.

प्रश्न (मालवण): होमस्टे आहे, समुद्राला लागून. सहा वर्षांपूर्वी ॲल्युमिनियम स्लायडिंग केल्या. आता सेक्शनवर (ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर) पांढरी पावडर येते, चाकं फिरत नाहीत, लॉक गंजलेत. ज्याने केल्या तोच म्हणतो सगळं बदला. लगेच बदलायला हवं का?

उत्तर: दादा, आधी ती पावडर कुठे आहे बघा. मला जवळपास खात्री आहे की स्क्रूंच्या भोवती आणि कोपऱ्यांच्या जोडाजवळच असणार. खारं पाणी असताना ॲल्युमिनियमला लोखंडी स्क्रू टेकला की दोघांत बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. मधल्या पट्ट्या शाबूत असतील, नखाने खरवडून खड्डे लागत नसतील, तर सेक्शन ठेवा. चाकं, लॉक आणि सगळे स्क्रू बदला, नवा स्क्रू घालताना खाली नायलॉनचा वॉशर, आणि बाहेरचं लोखंडी ग्रिल सेक्शनला थेट टेकत असेल तर तिथेही मध्ये रबर किंवा नायलॉन. हा खर्च सगळं बदलण्याच्या मानाने अगदीच थोडा. खड्डे आरपार झालेत तेवढ्याच खिडक्या नव्या करा.

स्टीलबद्दल नीट समजून घ्या कारण इथे फार फसवणूक होते. बाजारात स्टेनलेस म्हणून २०२, ३०४ आणि ३१६ असे तीन मिळतात. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगेनीज घातलेलं असतं, स्वस्त, आणि किनाऱ्यावर पहिल्याच वर्षी तांबूस पडतं. ३०४ टिकतं पण त्यावरही तपकिरी डाग येतात, पुसावं लागतं. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यानेच ते खाऱ्या हवेला पुरून उरतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, बघा चिकटत नाही म्हणजे ओरिजिनल. ते खरं नाही, २०२ लाही चुंबक चिकटत नाही. २०२ ओळखायचे रसायनाचे थेंब मिळतात, मोठी ऑर्डर असेल तर तेवढी चाचणी समोर करून घ्या, आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. समुद्राकाठी स्क्रू आणि बिजागऱ्या ३१६ च्याच, बाकी कुठेही काटकसर करा पण इथे करू नका.

नव्या ॲल्युमिनियमला कोटिंग विचारताना मायक्रॉनमध्ये विचारा. ॲनोडायझिंग (विजेच्या प्रक्रियेने धातूवरच चढवलेला थर) असेल तर २५ मायक्रॉन मागा, पावडर कोटिंग (भाजून बसवलेला भुकटीचा रंग) ६० च्या खाली घेऊ नका. सेक्शन साइटवर कापून भोकं पाडली की ती कापलेली कड उघडी राहते, तिला तिथल्या तिथे सील करायला लावा. वॉरंटीचं कार्ड नीट वाचा, बऱ्याच कोटिंगच्या वॉरंटीत समुद्रापासून किती अंतरापर्यंत ती लागू नाही ते बारीक अक्षरात असतं, आणि धुण्याची अटही असते.

धुणं म्हणजे काय, तर महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने, मऊ फडक्याने, ट्रॅकमधली पुळण ब्रशने काढून. पावसात आपोआप धुतलं जातं, खरं काम नोव्हेंबर ते मे. छज्जाखालचा जो भाग पावसाने कधीच धुतला जात नाही तिथे मीठ साचत राहतं, गंज पहिला तिथेच दिसतो, बघा जाऊन. होमस्टेला पोरं कामाला असतील तर चादरी बदलतात तसं हे त्यांच्या कामात घालून द्या.

प्रश्न (चिपळूण): २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावर पाणी होतं. तेव्हा दुरुस्त केलेल्या लाकडी चौकटी आता खालून गेल्या. खिडक्या कुठल्या घ्याव्यात? ग्रिल मजबूत हवं, रस्त्याला लागून घर आहे.

उत्तर: काका, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी थांबलो. मजबूत ग्रिल घ्या, पण प्रत्येक मजल्यावर किमान एका खिडकीचं ग्रिल आतून उघडणारं असलंच पाहिजे. सगळ्या खिडक्या भिंतीत पक्क्या जाळ्यांनी बंद आणि दाराबाहेर पाणी, अशा घरात माणूस अडकतो. आग लागली तरी तेच. बिजागरीचं ग्रिल, आतून कुलूप, किल्ली त्याच खिडकीजवळ पण बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्यावर, आणि ती कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना, लहान मुलांनासुद्धा माहीत. उघडी जागा एवढी की मोठा माणूस सहज बाहेर येईल. वरच्या मजल्यावर तर नक्कीच, कारण पुरात बोट तिथेच लागते. ग्रिल साध्या लोखंडाचं करून रंग देण्यापेक्षा आधी गॅल्व्हनाइज करून घ्या.

मटेरियलचं सोपं आहे. तळमजल्याला लाकूड नको, प्लायवूड तर नकोच. यूपीव्हीसी किंवा ॲल्युमिनियम, बिजागरीचं, कारण पुराचा गाळ स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये बसला की सुकून दगड होतो. पुन्हा कधी पाणी आलंच तर ओसरल्यावर लगेच, गाळ ओला असतानाच, पाणी निघायच्या भोकांतून पाइप सोडून आतली पोकळी धुवून काढा.

प्रश्न (डोंबिवली): गावचं घर राजापूर तालुक्यात, गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंद. दर वेळी उघडलं की बुरशीचा वास, गाद्या ओल्या. चांगल्या हवाबंद खिडक्या घेतल्या तर फरक पडेल का?

उत्तर: पडेल, पण उलटा. बंद घरात ओल जमिनीतून आणि भिंतीतून येतच राहते, खिडक्या हवाबंद केल्या की ती बाहेर जायची वाटही बंद. तुमच्या घराला नव्या खिडक्यांपेक्षा कायम उघडे राहणारे व्हेंटिलेटर हवेत, लिंटेलच्या (खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) वर, समोरासमोरच्या भिंतींत, तिरक्या पट्ट्यांचे. पश्चिमेकडचा झरोका मोठ्या छज्जाखाली किंवा पडवीत उघडणारा घ्या म्हणजे पाऊस मारत नाही. आतून स्टीलची बारीक जाळी लावा, प्लास्टिकची उंदीर एका रात्रीत कुरतडतात आणि मागोमाग साप येतात. सध्याच्या खिडक्यांच्या कड्या-कोयंडे तेवढे नीट करून घ्या. वानरांचा त्रास असेल तर काचेच्या बाहेरून गज हवेत.

प्रश्न (हातखंबा): हायवेला लागून घर. डबल काचेच्या खिडक्यांनी उष्णता आणि आवाज दोन्ही कमी होतात म्हणतात. घ्यायच्या का?

उत्तर: ज्या खोलीत एसी आहे आणि खिडक्या बंदच असतात तिथे घ्या, बाकी घरात उपयोग नाही, उघड्या खिडकीची काच एक असो की दोन. उष्णतेसाठी पश्चिमेला छज्जा वाढवणं किंवा बाहेरून सावली करणं जास्त कामाचं, ऊन काचेपर्यंत पोचूच नये. आवाजासाठी झोपायच्या खोलीला लॅमिनेटेड काच बघा, दोन काचांमध्ये पातळ फिल्म असते ती, चांगल्या रबराच्या बिजागरीच्या खिडकीत. फटी राहिल्या तर काच कितीही भारी असो, ट्रकचा आवाज येणारच.

प्रश्न (दापोली): निसर्ग वादळात आमच्या दोन खिडक्यांच्या काचा फुटून घरभर झाल्या होत्या. आता खिडक्या बदलतोय, काच कुठली घ्यावी आणि काम कधी काढावं?

उत्तर: टफन्ड काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते आणि फुटलीच तर सुरीसारखे तुकडे न होता बारीक दाणे होतात, पण एकदा फुटली की खिडकी मोकळी, वारा आत शिरतो आणि आतून छपराला उचलतो. वादळाच्या तोंडावर असलेल्या मोठ्या खिडकीला म्हणूनच लॅमिनेटेड घ्या, तडा गेला तरी ती फिल्मला चिकटून चौकटीतच राहते. लहान खिडक्यांना पाच मिलिमीटर टफन्ड पुरे. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तेव्हा चौकट बसल्यावर काचेचं माप घेतलेलं बरं, आठवडा जास्त लागू दे.

कामाची वेळ. सगळे मृगाआधी म्हणतात आणि एप्रिल-मे मध्ये फॅब्रिकेटरकडे रांग लागते, लग्नसराई, आंब्याचा सीझन, गवंडी मिळत नाही. पण निसर्ग आलं ३ जून २०२० ला आणि तौक्ते मे २०२१ च्या मध्यावर, म्हणजे मृग लागायच्या आधीच दोन्ही. मी तुम्हाला मार्चअखेर काम संपवायला सांगेन. त्यासाठी मापं आणि ऑर्डर जानेवारीत. कोटेशन स्क्वेअर फुटावर येईल, त्यात काच किती मिलिमीटर, जाळी धरून की वेगळी, हँडल-बिजागरी कुठल्या ग्रेडची, जुनी चौकट काढणं आणि भोवतीचं सिमेंटकाम कोणाकडे, हे सगळं लिहून घ्या. एका दिवशी दोनपेक्षा जास्त खिडक्या फोडू देऊ नका. आणि शेवटचे थोडे पैसे हातात ठेवून पाइपने पाणी मारून बघा, आत थेंब आला नाही की मगच द्या.